घोड्याचा ठोका, कोयनेलचं भावंड आणि आजोबांच्या गोळ्या

२०२३ च्या सप्टेंबरात हांगझोच्या आशियाई खेळांत भारतानं ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करवून घेण्याच्या स्पर्धेचं, सांघिक सुवर्ण जिंकलं. या खेळांत घोडेस्वारीचं सुवर्ण आपल्याला ४१ वर्षांनी मिळालं, आणि त्या चौघांच्या संघात आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हापासून ओळखीतल्या मराठी घरांत घोडा हा विषय निघू लागला आहे. मुलं शिकायला जातात, आईवडील कठड्याशी उभे राहतात, आणि हळूहळू घोड्याच्या दुखण्याखुपण्याची भाषाही घरात शिरते. त्यातूनच एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो: "घोड्याला एएफ निघालं म्हणे. आमच्या आजोबांनाही तेच आहे. ते रोज दोन गोळ्या घेतात आणि सकाळी नेहरू पार्कात फेऱ्या मारतात. मग घोड्याला गोळी का देत नाहीत?"

प्रश्न अगदी रास्त आहे. एएफ म्हणजे हृदयाच्या ठोक्याचा ताल बिघडवणारा एक आजार. थोडक्यात उत्तर असं, की ठोका ताळ्यावर आणणारं औषध नुसत्या ठोक्यापाशी थांबत नाही. ते सगळ्या हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवरही काम करतं, आणि ज्या गुणानं ते ठोका सुधारतं, त्याच गुणानं तो बिघडवूही शकतं. घोड्यात हे फार ठळकपणे दिसतं. पण त्यासाठी आधी निरोगी घोड्याचं हृदय समजून घ्यायला हवं.

ठोका चुकला म्हणजे घोडा आजारी?

बहुतेक वेळा नाही. ५०० किलोच्या घोड्याचं हृदय साधारण चार-पाच किलोचं असतं. शांत उभ्या घोड्यात ते मिनिटाला २८ ते ४४ वेळा धडधडतं आणि भरधाव पळताना २२० ते २४० पर्यंत जातं. म्हणजे विश्रांतीपासून कमाल वेगापर्यंत सहा-सात पट झेप. माणसात ही झेप तिपटीच्या आसपासच राहते.

एवढ्या ताकदीचं हृदय विश्रांतीत इतकं सावकाश चालतं ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे. हा तंतू मेंदूकडून येतो आणि हृदयाला आवरून धरतो. घोड्यात त्याचा जोर इतका असतो, की बऱ्याच पूर्ण निरोगी घोड्यांतही तीन-चार ठोक्यांनंतर एक ठोका गळतो. कान लावून ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. पण घोड्याला जरा दुडकं चालवलं की व्हेगसची पकड सुटते आणि सगळे ठोके नीट पडू लागतात. हा आजार नाही आणि याला औषधही नाही. नव्या मालकांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी बरीच धावपळ वाचेल.

मग एएफ म्हणजे काय?

हृदयाला वर दोन कप्पे असतात, त्यांना अलिंद म्हणतात. खालच्या दोन कप्प्यांना निलय. ठोक्याचा विद्युत संदेश अलिंदात उमटतो, मधल्या एका गाठीतून झिरपत खाली जातो आणि मग निलय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतात. एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, झालं की अलिंदांचं एकत्र आकुंचन बंद पडतं. तिथे मिनिटाला ३०० ते ५०० विस्कळीत संदेश फिरत राहतात आणि अलिंदांच्या भिंती नुसत्या थरथरतात.

या थरथरीची ओळख पटवण्यात घोड्याचा मोठा वाटा आहे, आणि ही गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही माणसांची नाडी पूर्णपणे अनियमित का असते, याचा डॉक्टरांना नक्की उलगडा होत नव्हता. लंडनच्या थॉमस लुईस यांना तशीच नाडी घोड्यांत सापडली. त्यांनी अशा घोड्याची छाती उघडून थरथरणारी अलिंदं डोळ्यांनी पाहिली आणि १९११ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आज आजोबांच्या ईसीजीवर जे निदान लिहिलं जातं, त्याच्या मुळाशी एक घोडाही आहे.

एएफ झालेला घोडा तबेल्यात उभा असताना बहुधा धडधाकट दिसतो. मधली गाठ सगळे संदेश खाली जाऊ देत नाही आणि व्हेगसही आवरून धरतोच, त्यामुळे नाडीचा वेग नेहमीएवढाच राहतो, फक्त ताल हरवतो. खरा फरक पळताना कळतो. विश्रांतीत हे हृदय मिनिटाला ३०-४० लिटर रक्त फिरवतं, जोराच्या दौडीत २०० लिटरच्याही वर. तेव्हा अलिंदांनी ढकललेला प्रत्येक घोट लागतो, आणि नेमका तोच मिळत नाही. घोडा शर्यतीत एकाएकी मागे पडतो, दम खातो, कधी नाकातून रक्त येतं. नुसत्या चालीनं जाणाऱ्या घोड्यात मात्र हे वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हे थांबत का नाही?

रेसकोर्स रोडवरच्या होळकर स्टेडियममध्ये प्रेक्षकांनी हात वर करत उठून केलेली लाट तुम्ही पाहिली असेल. एका बाजूचे उठतात, बसतात, शेजारचे उठतात, आणि लाट गोल फिरत पुन्हा सुरुवातीला येते. आता एक नियम घालू: उठून बसलेल्या माणसानं थोडा वेळ विसावा घेतल्याशिवाय पुन्हा उठायचं नाही. स्टेडियम मोठं असेल, तर लाट फिरून येईपर्यंत पहिल्यांचा विसावा संपलेला असतो. ते पुन्हा उठतात आणि लाट चालू राहते. मैदान लहान असेल, तर लाट परत पोचते तेव्हा पहिले अजून बसलेलेच असतात, आणि लाट तिथेच विरते.

हृदयाच्या पेशींना हा विसाव्याचा नियम खरोखर लागू आहे. घोड्याचं अलिंद म्हणजे मोठं स्टेडियम. तिथे एकदा लाट सुटली की फिरत राहायला भरपूर जागा असते. त्यात व्हेगस पेशींचा विसावा आणखी आखूड करतो. म्हणूनच थोराड घोड्यांमध्ये हृदयात दुसरा कुठलाही दोष नसताना एएफ होऊ शकतं, आणि लहान चणीच्या टट्टूंमध्ये ते क्वचितच आढळतं. त्यांच्यात आढळलंच, तर हृदयात आणखी काही बिघाड आहे का हे आधी तपासावं लागतं.

लाट थांबवायचे मग मार्ग किती? पेशींचा विसावा लांबवायचा, म्हणजे लाट परत येईल तेव्हा सगळे बसलेले असतील. किंवा सगळ्यांना एकाच क्षणी उठवायचं, म्हणजे पुढे उठायला कुणी उरणार नाही. पहिलं काम औषध करतं, दुसरं विजेचा झटका.

कोयनेलचं भावंड

घोड्यांच्या एएफवरचं सर्वांत जुनं औषध म्हणजे क्विनिडीन. हिवतापाचं कोयनेल ज्या सिंकोनाच्या सालीतून येतं, त्याच सालीतलं हे त्याचं भावंड. निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळच्या मुंगपूत इंग्रजांनी १८६० च्या दशकात ही झाडं लावली ती हिवतापासाठी. हृदयाशी त्यांचा संबंध तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. तो जोडला एका व्यापाऱ्यानं. कारेल वेंकेबाख या डच डॉक्टरांना या रोग्यानं सांगितलं, की कोयनेल घेतलं की माझी नाडी सरळ होते. वेंकेबाखनी ते खरं करून पाहिलं आणि १९१४ मध्ये नोंदवलं. १९१८ मध्ये बर्लिनच्या वाल्टर फ्राय यांनी दाखवलं, की कोयनेलच्या कुटुंबात या कामाला क्विनिडीन सर्वांत प्रभावी आहे. रोग्याचं म्हणणं डॉक्टरनं कान देऊन ऐकलं, म्हणून हे औषध हाती आलं.

घोड्याला ते देण्याची रीत ऐकली की औषधाचा आवाका कळतो. नाकातून पोटापर्यंत नळी घालतात, कारण तोंडात लागलं तर फोड येतात. दर किलो वजनाला २२ मिलिग्रॅम, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला एका वेळी ११ ग्रॅम. माणसाला हेच औषध एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या आसपास दिलं जाई. घोड्याला दर दोन तासांनी मात्रा देत जातात. ताल परत आला किंवा विषबाधेचं पहिलं चिन्ह दिसलं की थांबायचं. काहीच झालं नाही तरी चार-सहा मात्रांनंतर दोन मात्रांमधलं अंतर वाढवायचं. प्रत्येक मात्रेआधी ईसीजी. रक्तात औषधाचं प्रमाण मिलिलिटरला २ ते ५ मायक्रोग्रॅम हवं. त्याखाली उपयोग होत नाही, त्यावर धोका वाढतो. मधली जागा अरुंद आहे.

एकच औषध, चार ठिकाणी हात

क्विनिडीन पेशींचा विसावा लांबवतं. लाट बसलेल्यांपाशी येऊन विरते, अलिंदं शांत होतात आणि नेहमीचा ठोका सुरू होतो. एएफ नुकतं झालेलं असेल आणि हृदयात दुसरा दोष नसेल, तर बहुसंख्य घोड्यांत हे साधतं.

पण विसावा फक्त अलिंदातल्या पेशींचा लांबत नाही, निलयांतल्यांचाही लांबतो. तो फार लांबला तर निलयांतून अवेळी ठोके सुटू लागतात, आणि त्यातून होणारा एक वेडावाकडा वेगवान ताल घोड्याचा जीव घेऊ शकतो. रक्तात पोटॅशियम कमी असेल तर ही भीती आणखी वाढते. घोड्याच्या घामातून पोटॅशियम भरपूर जातं. आपल्याकडच्या मे महिन्यात राबलेल्या घोड्याचे क्षार तपासल्याशिवाय हे औषध सुरू करणं म्हणूनच चुकीचं.

दुसरं, औषध संदेशाचा वेग मंदावतं. स्टेडियममध्ये प्रत्येक जण सावकाश उठू लागला तर लाट हळू फिरेल, आणि तेवढ्यात पुढच्यांचा विसावा संपेल. म्हणजे हा गुण लाट विझवण्याच्या उलट दिशेनं जातो. निलयांत संदेश फार मंदावला तर तिथेच नवी लाट सुटू शकते. ईसीजीवर निलयांच्या ठोक्याची खूण मूळच्यापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त रुंद झाली की डॉक्टर हात आखडता घेतात, ते याचसाठी.

तिसरा परिणाम पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकतो. क्विनिडीन व्हेगसची पकड ढिली करतं. अलिंदं अजून थरथरतच असतात आणि मधली गाठ मात्र एकाएकी जास्त संदेश सोडू लागते. ताल सुधारण्यासाठी औषध दिलं आणि जागेवर उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला शंभराच्या वर पळू लागलं, असं होतं. त्यावर डिगॉक्सिन हे हृदयाचं दुसरं औषध देऊन वेग उतरवता येतो, पण क्विनिडीनमुळे रक्तातलं डिगॉक्सिनचं प्रमाण वाढतं, म्हणजे तिथेही मात्रा जपूनच.

आणि रक्तदाब?

चौथा परिणाम हृदयाबाहेरचा. इथेही घोड्याचं ऋण आहे: रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तो एका घोडीचा. इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यांनी तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवून तिला उभी काचेची नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून वर चढलं. १७३३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या प्रयोगात घोडी गेली.

तो दाब टिकतो दोन गोष्टींवर: हृदयाचा जोर आणि रक्तवाहिन्यांचा ताण. क्विनिडीन वाहिन्या सैल करतं आणि हृदयाच्या स्नायूचा जोरही थोडा उतरवतं. दोन्हीकडून दाब घसरतो. घोडा मान टाकून मलूल उभा राहतो, हिरड्या फिक्या पडतात, कधी तो डगमगतो. नाकाच्या आतलं अस्तर सुजून श्वास घुरघुरू लागतो. पोटशूळ आणि जुलाब होतात. क्वचित खुरांच्या आतला भाग सुजतो आणि घोडा कायमचा लंगडा होतो.

म्हणून ज्या घोड्याचं हृदय मुळात थकलेलं आहे, त्याला हे औषध देत नाहीत. विश्रांतीतच नाडी ६० च्या वर असेल तर ती धोक्याची खूण समजावी. तिथे एएफ हा मूळ आजार नसून हृदय निकामी होत चालल्याचा परिणाम असतो, आणि अशा हृदयाचा जोर आणखी उतरवणं म्हणजे घोडा गमावणं.

नवी औषधं जास्त सुरक्षित नाहीत का?

हा आक्षेप अगदी स्वाभाविक आहे, शिवाय क्विनिडीन अनेक देशांत मिळेनासं झालं आहे. पर्याय म्हणून सर्वांत आशेनं पाहिलं गेलं ते फ्लेकेनाइडकडे. माणसांत ते एएफवर चांगलं चालतं आणि शिरेतून देता येतं, म्हणजे दर दोन तासांची नळी नको. प्रयोगशाळेत मुद्दाम सुरू केलेलं, ताजं एएफ त्यानं घोड्यांत थांबलंही.

पण बेल्जियममध्ये खऱ्या, जुन्या एएफच्या घोड्यांना ते शिरेतून दिलं तेव्हा ताल परत आला नाही, उलट निलयांचे धोकादायक ठोके सुरू झाले. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे तोंडावाटे फ्लेकेनाइड दिलेले घोडे अचानक दगावल्याच्या नोंदी आल्या. कारण वरच्या लाटेत आहे. फ्लेकेनाइडचा मुख्य गुण संदेश मंदावणं हा आहे, विसावा लांबवणं कमी. माणसांतही १९८९ मध्ये कळलं होतं, की हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना अवेळी ठोके दाबण्यासाठी हे औषध दिलं तर ठोके कमी होतात पण मृत्यू वाढतात. माझ्या मते ठोक्याच्या औषधांबद्दल याहून मोलाचा धडा नाही: कागदावरची रेघ सरळ झाली म्हणजे रोगी वाचला असं नव्हे.

अमिओडॅरोननं काही घोड्यांचा ताल येतो, पण मागच्या पायांत अशक्तपणा आणि जुलाब दिसले आहेत. सोटॅलॉल मुख्यतः ताल परत आल्यावर एएफ पुन्हा होऊ नये म्हणून वापरतात. घोड्यांना ते त्यामानानं सोसतं.

मग आजोबांना रोज गोळी कशी चालते?

आजोबांच्या दोन गोळ्या कशासाठी आहेत ते पाहा. एक बहुधा रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, दुसरी नाडीचा वेग आवरण्यासाठी. दोन्हींनी एएफ जात नाही. एएफसकट आजोबा सुरक्षित राहतात.

घोड्याला या दोन्हींची सहसा गरजच नसते. एएफमुळे गुठळी होऊन मेंदूला झटका येणं हा माणसातला मोठा धोका घोड्यांत दिसत नाही. विश्रांतीतला वेग तर व्हेगसनं आधीच आवरलेला आहे, आणि पळताना वेग आवरला तर घोडा पळणारच कसा? घोड्याकडून आपल्याला हवी असते दौड, आणि त्यासाठी ताल मुळातून परत आणावा लागतो. एक-दोन दिवसांत, मोठ्या मात्रेनं, ईसीजी लावून. म्हणूनच घरातली माणसांची गोळी वजनाच्या हिशेबानं कुटून घोड्याला घालणं हा जिवाशी खेळ आहे. असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

विजेचा झटका, किंवा नुसती वाट पाहणं

सगळ्यांना एकदम उठवण्याचा मार्ग कॅनडातल्या गुएल्फ इथल्या पशुवैद्यांनी या शतकाच्या सुरुवातीला रुळवला. मानेच्या शिरेतून तारा हृदयात सरकवतात, घोड्याला भूल देतात आणि ठोक्याशी वेळ जुळवून झटका देतात. दहातल्या नवांहून अधिक घोड्यांचा ताल परत येतो, आणि औषधानं होणारी रक्तदाबाची घसरण किंवा पोटशूळ यात नसतो. पण एवढ्या जड जनावराला पूर्ण भूल देणं हाही धोकाच आहे: निरोगी घोड्यांतही शंभरात एकाच्या आसपास त्यात दगावतो.

आणि इलाज कुठलाही असो, एएफ परत येऊ शकतं. वर्षाच्या आत दहातल्या तीन-चार घोड्यांत ते येतं. जितकं जुनं, तितकी ही शक्यता जास्त.

याच्या उलट टोकाला, दौडीनंतर नुकतंच सुरू झालेलं एएफ अनेकदा एक-दोन दिवसांत आपोआप जातं. म्हणून पशुवैद्यानं "परवापर्यंत थांबू" म्हटलं तर तो टाळाटाळ करतोय असं समजू नका. त्या वेळात तुम्ही करण्यासारखं काम आहे. घोडा शांत उभा असताना जबड्याच्या हाडाखालच्या धमनीवर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ताल नसलेली नाडी पंधरा सेकंद मोजून चौपट केली तर आकडा फसवतो. सकाळ-संध्याकाळ आकडा आणि वेळ लिहून ठेवा. घोडा शेवटचा नीट कधी पळाला, मोतद्दाराला काय दिसलं, काही औषध किंवा क्षार दिले होते का, हेही लिहा. एएफ किती जुनं आहे यावर पुढचा सगळा निर्णय ठरतो, आणि ती माहिती ईसीजीत नसते.

इलाज केलाच नाही तर घोडा कामाला चालेल का?

अनेकदा चालतो. हळू कामाच्या घोड्याला क्विनिडीनच्या वाटेला नेण्यात बहुधा फायद्यापेक्षा जोखीमच जास्त. मात्र त्याला अट आहे. युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये ठरवलेली शिफारस अशी, की घोडा जितकं जास्तीत जास्त काम करणार तेवढं करवून, पळतानाचा ईसीजी काढावा. ठोक्यांचा वेग मिनिटाला २२० च्या आत राहिला आणि निलयांचे विचित्र ठोके दिसले नाहीत, तर त्याच्यावर स्वारी करता येईल, पण स्वार प्रौढ हवा आणि त्याला या आजाराची पूर्ण कल्पना दिलेली हवी. कारण असा घोडा स्वारासकट कोसळण्याची शक्यता थोडी असली तरी शून्य नसते.

ही अट इंदुरात लावून पाहिली की दोन गोष्टी लगेच ठरतात. शिकणाऱ्या मुलांना एएफचा घोडा द्यायचा नाही, तो स्वभावानं कितीही गरीब असला तरी. आणि वरातीतल्या घोडीवर बसणारा नवरदेव प्रौढ असला, तरी त्याला तिच्या ठोक्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नसतं. त्याच्या पुढ्यात अनेकदा एखादं लहान मूलही बसवलेलं असतं. डीजे आणि फटाक्यांनी बिथरलेल्या घोडीचं हृदय जागच्या जागी पळू लागतं, आणि एएफमध्ये ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त पळतं. अशी घोडी चरायला सोडता येईल, मोकळ्या रस्त्यानं चालीनं नेता येईल. वरातीला ती नको, आणि तिच्या मालकाला त्याचं भाडं बुडणार असलं तरी पशुवैद्यानं हे स्पष्ट सांगायला हवं.